एकेरी दोष

पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या केळीवाल्याकडं मी पहिल्यांदा काळी पडलेली, फुटलेली केळी मागितली, तेव्हा त्यानं मला विचारलं, "घरी गाय हाय का?" नाही म्हटल्यावर चांगल्या घडातली दोन केळी पुढं करत तो म्हणाला, "ही घ्या बाई. नासकं खाऊ नका." मला केळी नकोत, केळ्यांवर घोंगावणारी चिलटं हवी आहेत, हे त्याला समजावता समजावता माझी गाडी चुकली. पुढं मात्र तो माझ्यासाठी सडकी केळी टोपलीखाली राखून ठेवायचा. त्यानंच माझं नाव गावभर केलं. पेणमध्ये मला माझ्या नावानं ओळखणारे थोडे. चिलटवाल्या बाई म्हटलं की पोस्टमनसुद्धा बरोबर आणून सोडायचा.

मी रोह्याची. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेचं पेणला छोटं केंद्र होतं, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. सगळी नोकरी त्या दोन खोल्यांत गेली. निवृत्त झाले त्याला फार दिवस झाले नाहीत, पण मान अजून सूक्ष्मदर्शकावर वाकल्यासारखीच राहते, आणि आंबलेल्या गुळाचा वास आला की हात अजून ब्रश शोधतो.

काय करायचो, ते आधी सांगते, कारण नातेवाइकांच्या लग्नाकार्यांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर आता पाठ आहे.

प्रत्येक जीवाला प्रत्येक गुण दोन प्रतींत मिळतो. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. नक्कल उतरवताना जशा चुका होतात, तशा या प्रतींतही होतात, आणि बहुतेक चुका अपायकारक असतात. दोन्ही प्रतींत तीच चूक आली तर जीव मरतो किंवा दुबळा निघतो. त्याला आम्ही आपसांत दुहेरी म्हणायचो. एकाच प्रतीत चूक असेल आणि दुसरी प्रत धड असेल, तर तो एकेरी. धड प्रत चुकीवर पांघरूण घालते. आमचा प्रश्न एवढाच होता की हे पांघरूण पुरतं का? एकेरी दोष पूर्ण झाकला जातो, की पाय थोडेसे उघडे राहतात?

ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण दोष पूर्ण झाकला जात असेल, तर तो पिढ्यानपिढ्या कुणाला न कळता साठत राहतो. थोडासाही बाधत असेल, तर निसर्ग त्याला हळूहळू चाळून काढतो. एखाद्या रानातल्या, गावातल्या जीवांमध्ये किती वाईट साठून आहे, याचा हिशेब या एका गोष्टीवर अडतो. आणि प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेल्या दोषांवरून तो लागत नाही. बाहेर, निसर्गात जगून वाचलेले दोषच तपासावे लागतात. म्हणून मी गागोद्याच्या आमराया, जिते गावातली परसं, रोह्यातली केळी पिकवायची गोदामं धुंडाळत बाटल्या घेऊन फिरायचे.

पकडलेल्या नराची वाकड्या पंखांच्या एका खास वाणाशी जोडी लावायची. मग पुढच्या पिढ्यांत भाऊ-बहिणींची जोडी लावायची, म्हणजे त्या एका रानटी नराकडून आलेली प्रत काही पिल्लांत दुहेरी होते. ती पिल्लं सरळ पंखांची निघतात, एकेरी असतात ती वाकड्या पंखांची. सरळ पंखांची पिल्लं अपेक्षेपेक्षा कमी निघाली, की समजायचं, या प्रतीत काहीतरी आहे. मग वेगवेगळ्या नरांकडून आलेल्या प्रती एकमेकींशी जोडायच्या, म्हणजे प्रत्येक दोष एकेरी राहतो, आणि ती पिल्लं किती जगतात ते पाहायचं. बस. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्टची खीर शिजवायची, बाटल्यांत ओतायची, माश्या, म्हणजे हीच चिलटं, गुंगवून पांढऱ्या फरशीवर पसरायच्या, बारीक ब्रशानं वेगळ्या करायच्या आणि मोजायच्या. वर्षानुवर्षं.

गागोद्याच्या एका बागवाल्या काकांना मी जमीन मोजणीची माणूस वाटले होते. त्यांनी काठी घेऊनच स्वागत केलं. बाटली उघडून दाखवली, तेव्हा ते खाटेवर बसून हसले. "याचा सरकार पगार देतं?"

"देतं."

"मग घरातली पण न्या. चुलीपाशी लय हायत."

पुढं ते दर हंगामाला विचारायचे, "यंदा एखादं निर्दोष गावलं का?" मला कधीच हो म्हणता आलं नाही. ज्याच्यात काहीच लपलेलं नाही, असं चिलट मला सबंध नोकरीत सापडलं नाही.

केंद्रात माझ्या सोबतीला कमल होती. जित्याची, माझ्याहून थोडी लहान. नवरा एका गॅरेजमध्ये, एक मुलगी. बाटल्या धुणं आणि खीर शिजवणं हे तिचं काम म्हणून ती आली, आणि वर्षभरात माश्या माझ्याइतक्याच सफाईनं निवडायला लागली. दुहेरी पिल्लांची बाटली रिकामी निघाली की कमल ती खिडकीकडं धरायची आणि म्हणायची, "ही पण गेली, बाई." मी कधी हळहळले नसेन इतकी ती हळहळायची. मी म्हणायचे, कमल, माश्या आहेत. ती म्हणायची, "व्हय, पण भाव-बहिणीची लावली म्हनून गेल्या ना?"

एका मे महिन्यात आमच्या खोलीचं थंड करणारं यंत्र बंद पडलं. मुंबईहून माणूस यायला वेळ लागणार होता. माश्यांना आपल्यापेक्षा कमी उकाडा सोसतो. कमलनं ओली पोती लटकवली, बर्फाच्या लाद्या आणल्या, काही भागेना. शेवटी शेजारच्या कारखान्याचे अण्णा म्हणाले, "माझ्या खालच्या खोलीत ठेवा. माती ओली ठेवतो तिथं, गार असतं." आम्ही ट्रेच्या ट्रे उचलून नेले. हात आणि सोंड अजून न बसवलेले गणपती रांगेनं बसलेले आणि त्यांच्या मांडीशी आमच्या बाटल्या. अण्णांनी एकच अट घातली. "एक जरी चिलट वरच्या रंगावर बसलं ना बाई, तर केंद्र बंद करीन मी तुमचं."

तरी नुकसान व्हायचं ते झालंच. पण त्या दिवसांत मला एक दिसलं. एकेरी दोषाच्या ज्या माश्या एरवी धडधाकट माश्यांच्या बरोबरीनं जगायच्या, त्या उकाड्यात मागं पडायला लागल्या. मरत नव्हत्या. बाटलीच्या तळाशी बसून राहायच्या, उशिरा उडायच्या. सुखात जे झाकलं जात होतं ते ताणात उघडं पडत होतं. तापमान नीट नोंदवलेलं नव्हतं, म्हणून ते निरीक्षण शास्त्रात धरता आलं नाही. वरच्या साहेबांनी ते पूर्ण वर्षच बाद केलं. त्यांचं बरोबर होतं. मला मात्र त्यानंतर सगळा आटापिटा थोडा फिका वाटायला लागला. आम्ही सरासरी काढत होतो, तीही आरामातली सरासरी.

ती सरासरीही शेवटी निघालीच. थोडक्यात असं की, जीव घेणारे मोठे दोष एकेरीत जवळजवळ पूर्ण झाकले जातात, आणि बारीकसारीक दोष एकेरीतही थोडे थोडे बाधतात. दुसऱ्या देशांतल्या लोकांनीही साधारण हेच पाहिलं होतं. आमच्या कामामुळं पेण-रोह्याची चिलटं त्या यादीत बसली, इतकंच. "थोडं" हा एक शब्द मिळवायला माझं आयुष्य गेलं, असं मी थट्टेनं म्हणायचे.

तो शब्द कुणाच्या घरात बसून, माणसाबद्दल मला उच्चारावा लागेल, असं वाटलं नव्हतं.

कमलची मुलगी मनीषा तेव्हा रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती. सडपातळ, हुशार, बोलायला तिखट. लहानपणी शाळा सुटली की केंद्रात येऊन बाकावर झोपायची. कायम थकलेली. कमल तिला खूप बोलायची, "सारखी आडवी होती. कामाला आळस." घरात टॉनिकच्या बाटल्या संपायच्या, फरक पडायचा नाही. मोठी झाल्यावर शिफ्ट करून घरी आली की उंबऱ्यातच बसायची, चपला काढायला तिला वेळ लागायचा.

एक दिवस कमल खीर ढवळता ढवळता म्हणाली, "बाई, वन्सं आल्या होत्या." वन्सं म्हणजे तिची नणंद, वनिता. रोह्यात राहायची. तिचा मुलगा नितेश, रिक्षा चालवायचा. "मनीषाला नितेशसाठी मागतात. दोघांचं आधीपासून हाय म्हने. आमाला आत्ता कळतंय."

"मग चांगलं आहे की."

कमलनं पळी थांबवली. "मामाची पोरगी. आपल्याकडं चालतं. पण बाई, आपल्या बाटल्या मी बघितल्यात ना इतकी वर्षं."

मी म्हटलं, आते-मामे भावंडं म्हणजे सख्खी भावंडं नव्हेत, दर वेळी काही होत नाही. तेव्हा तिनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. वनिताला नितेशच्या आधी एक मुलगा झाला होता. पांढराफटक. पोट मोठं. महिन्या-महिन्याला रक्त चढवायला मोठ्या दवाखान्यात न्यायचे. शाळेत जायच्या वयाचा होता होता गेला.

"रोगाचं नाव काय सांगितलं होतं?"

"वन्सं म्हनायच्या, थाळीसारखा कायतरी शब्द होता."

थॅलेसेमिया. मी हातातला ब्रश खाली ठेवला. हा रोग दुहेरीच असतो. मूल त्यानं गेलं, याचा अर्थ आई आणि बाप दोघंही एकेरी. वनिता एकेरी, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, कमलचा नवरा, एकेरी असू शकतो. म्हणजे मनीषा असू शकते. आणि नितेशही.

मी डॉक्टर नाही, हे मी कमलला दोनदा सांगितलं. पण रक्ताची साधी तपासणी आहे, दोघांची करून घ्या, लग्नाआधी, हेही सांगितलं. नितेश हसत हसत तयार झाला. मनीषा म्हणाली, "मला टोचायचंय ते टोचा, पण रिपोर्ट आधी मला सांगायचा. आईला नाय."

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. मनीषा एकेरी निघाली. नितेशमध्ये काही नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी गाडीत शेजारच्या अनोळखी बाईला पेढा दिला. दोघांपैकी एकच एकेरी, म्हणजे मुलांना दुहेरी होण्याचा प्रश्नच नाही. फार तर एखादं मूल मनीषासारखं होईल. धोका टळला होता. माझ्या लेखी गोष्ट तिथं संपली होती.

रविवारी जित्याला कमलच्या घरी बसायचं ठरलं. मला मुद्दाम बोलावलं, समजावून सांगायला. वनिता आली होती, नितेश होता. वनिता उंच, काळीसावळी, हातांना मिठागरातल्या कामाचे जुने व्रण. लग्नानंतर बरीच वर्षं तिनं खाडीकाठच्या मिठागरात पाट्या वाहिल्या होत्या, नंतर नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली आणि ते रोह्याला गेले. मी सोप्यात सोपं करून सांगितलं. मुलांना धोका नाही, लग्नाला काहीच हरकत नाही.

वनितानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरांचं कळलं. हिचं काय? हिला काय होतं?"

"दवाखान्यात म्हणाले, एकेरीला काही होत नाही," नितेश म्हणाला.

मनीषा माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा. खरं सांगा. काहीच होत नाय, मग मी का थकते?"

बहुतेक एकेरी माणसांना काही जाणवत नाही, हे खरं. रक्त थोडं कमी राहतं, हेही खरं. काहींना अंगमेहनतीत, उकाड्यात, जागरणात ते जाणवतं. ती त्या काहींपैकी आहे का, हे मी सांगू शकत नव्हते. मी हजारो माश्यांची सरासरी सांगू शकत होते. समोर बसलेल्या एका मुलीचं मला काही सांगता येत नव्हतं. तरी तिनं खरं विचारलं होतं.

"थोडं होऊ शकतं," मी म्हटलं. "आराम असेल तर कळणार नाही. ताण पडला तर थकवा येऊ शकतो. आणि लोहाचं औषध डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नकोस, त्याचा या थकव्याला उपयोग नसतो."

मनीषाचे डोळे एकदम भरले. ती आईकडं वळली. "ऐकलंस? मी आळशी नाय."

कमलनं पदर तोंडाला लावला.

पण वनितानं दुसरंच ऐकलं होतं. ती उठली. "म्हनजे पोरगी आजारी हाय. बाईच सांगतात. नितेश, चल."

"आई, आजारी नाय ती—"

"थकनारी सून घेऊन काय करू मी? माझ्या घरात कामाला दुसरं कोन हाय? आन उद्या लोक म्हनतील, दोष असलेली पोरगी आनली."

इतक्यात कमल उभी राहिली. तिला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "दोष? वन्सं, तुमच्या थोरल्याला दोन्हीकडून आला तवा तो गेला. एक त्याच्या बापाकडून. दुसरा कुठून आला? तुमच्याकडून. माझी पोरगी जी हाय, तीच तुम्ही हाव."

वनिता कमलकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणेन अशी तिला आशा असावी. मी खाली बघितलं. ती चपला घालून निघाली, स्टेशनकडं, एकटी. नितेश तिच्यामागं धावला.

त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. नितेश चोरून मनीषाला भेटत होता. एकदा त्यानं निरोप आणला, आई तयार होईल, पण रिपोर्ट चुकीचा होता असं सगळ्यांना सांगायचं. मनीषानं नकार दिला. तिनं मला केंद्रात येऊन सांगितलं. शिफ्ट संपवून आली होती, बाकावर बसली, पाणी प्यायली. "बाई, इतकी वर्षं मला कळत नव्हतं मला काय होतं. आता कळलंय तर परत लपवू? थकल्यावर काय सांगायचं मग, नाटक करते म्हनून?"

"त्याला सोडशील?"

"सोडायचं नाय मला. पण लपवून जायचं नाय त्या घरात."

कमल त्या दिवसांत माश्या निवडताना हात थांबवून बसायची. नणंदेला आपण तिच्या गेलेल्या मुलावरून बोललो, हे तिला खात होतं. आमचं काम तेव्हा संपतच आलं होतं, संस्थेनं केंद्र गुंडाळायचं ठरवलं होतं. वाकड्या पंखांचं वाण मुंबईला पाठवून दिलं, बाकीच्या बाटल्या उकळत्या पाण्यात टाकल्या. आम्ही दोघीही त्या दिवशी जेवलो नाही.

मग एका दुपारी वनिता माझ्या रोह्याच्या घरी आली. दार उघडलं तर ही उभी. आत या म्हटलं, तर खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"वैनी बोलली ते खरं काय? पोर माझ्यामुळं गेला?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यामुळं नाही. एक प्रत तुमच्याकडून, एक त्याच्या वडिलांकडून आली. कुणी मुद्दाम दिली नाही, कुणी निवडली नाही. तुम्हाला ठाऊकही नव्हतं. यात कुणाचा दोष नाही."

"मग तुमी त्याला दोष का म्हनता?"

सबंध नोकरीत मी हा शब्द दिवसातून किती वेळा वापरला असेल. चिलटांना तो लागत नाही. आपल्या भाषेत उणीव आणि अपराध दोन्हीला एकच शब्द आहे, हे मला त्या भिंतीला टेकलेल्या बाईनं विचारेपर्यंत कधी खटकलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "चुकतो आमचा शब्द."

मी चहा टाकला. चहा पिता पिता ती आपणहून बोलायला लागली. "मिठागरात पाटी घेऊन चढताना माझ्या डोळ्यापुढं काळं यायचं. बांधावर बसायची मी. सासू लांबून वराडायची, बसली बगा म्हाराणी. बाकीच्या बाया माझ्या दुप्पट पाट्या टाकायच्या. मला वाटायचं, मीच नाटकी. मग मी उटायची. पडली एकदोनदा." कप खाली ठेवून ती म्हणाली, "कुनाला सांगितलं नाय कधी. लाज वाटायची. तेच काय हे?"

"असेल," मी म्हटलं. "थकवा त्याचाच होता का, ते खात्रीनं नाही सांगता येणार. तपासून घ्या. पण असू शकेल."

"थोडं?"

"थोडं."

ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्या पोरीला मी तेच बोलली, जे सासू मला बोलायची."

ती माझ्याकडून निघाली ती घरी गेली नाही. थेट गाडी पकडून जित्याला गेली, हे मला नंतर कमलनं सांगितलं. कमल अंगणात होती. वनिता म्हणाली, "वैनी, पोरीला हाक मार." मनीषा बाहेर आली. वनितानं तिला काही समजावलं नाही, माफीही मागितली नाही. तिचा हात धरून ओट्यावर शेजारी बसवलं आणि म्हणाली, "मला पन व्हतं गो तुझ्यासारखं." मग कमल नणंदेच्या गळ्यात पडली आणि थोरल्याचं नाव घेऊन दोघी रडल्या. कमल म्हणाली, इतक्या वर्षांत त्याच्यासाठी दोघी एकत्र कधी रडल्याच नव्हत्या.

लग्न रोह्यात झालं, साधंच. कुणी विचारलं तर मनीषा स्वतःच सांगायची, मी एकेरी आहे, आणि समोरच्याचा चेहरा बघत राहायची. तिनं पॅकिंगची रात्रपाळी सोडली, आता कंपनीच्याच ऑफिसात दिवसाचं बसून काम करते. थकते अजूनही. त्यावर औषध नाही. वनिताही तपासून आली. अपेक्षा होती तेच निघालं.

अलीकडंच मी त्यांच्याकडं गेले होते. मनीषाला दिवस गेलेत. दुपारची वेळ, जेवणं झालेली, भांडी तशीच पडलेली, सासू-सून पंख्याखाली चटईवर. मीही टेकले. माझीही पाठ आता फार वेळ धरत नाही.

मनीषानं विचारलं, "बाई, हे पोर माझ्यासारखं निघेल का हो?"

"निघेलही, नाहीही. दोन्हीची शक्यता सारखीच."

"आणि निघालं तर? ते किती थकेल?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी आयुष्य घातलं, आणि अजूनही माझ्याकडं ते नव्हतं. मी काही बोलणार, इतक्यात वनिता कुशीवर वळली आणि डोळे मिटल्यामिटल्याच म्हणाली,

"थकलं तर बसंल. बसाया जागा हाय घरात."